अरण्य कोणापासून राखावयाचे?

अरण्ये कायद्याने राखावीत की नाहीत, याविषयी आपल्याकडे वाद निघाला म्हणजे तो बहुधा 'वन की विकास' या दोन शब्दांभोवती फिरत राहतो. एक पक्ष म्हणतो, माणसांस घरे, पाणी आणि रस्ते हवेत. झाडे काय, पुन्हा लावता येतील. दुसरा पक्ष म्हणतो, एकदा गेलेले अरण्य पुन्हा येत नाही. घरे दुसरीकडे बांधा. दोहोंच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद कधी संपत नाही. आमच्या मते यातील खरा नैतिक प्रश्न निराळा असून तो फारसा कोणी उघडपणे विचारीत नाही. अरण्य राखावयाचे हे एकदा मान्य केले, की ते कोणापासून राखावयाचे? निषेधाचा भार कोणाच्या खांद्यावर पडावयाचा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात जावयाचे? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून वनरक्षणाचा कोणताही कायदा न्याय्य की अन्याय्य, हे ठरविता येत नाही.

गिरगाव, दादर, परळ किंवा लालबाग येथे राहणाऱ्या आमच्या वाचकांस कदाचित वाटेल, की ज्यांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते, त्यांनी अरण्याची चर्चा करावी हा कोणता उद्योग? परंतु मुंबईचा इतिहास पाहिला तर ही शंका टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरील विहिरी व तळी शहराची तहान भागविण्यास अपुरी पडू लागली, तेव्हा साष्टीच्या डोंगरात विहार तलावाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६० साली ते पाणी शहरास मिळू लागले. १८७९ साली त्याच्या जोडीस तुळशी तलाव आला. तलावांचे पाणी स्वच्छ राहावयाचे तर त्यांस पाणी पुरविणाऱ्या डोंगरउतारांवर वस्ती व शेती वाढू देऊन चालत नाही. म्हणून ते उतार राखले गेले. आज ज्यास बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान म्हणतात, आणि ज्याचे सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे आहे, त्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर वनाच्या पोटात हे दोन्ही तलाव आहेत. बिबट्या एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत आजवर टिकून राहिला, त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण नळाला लागलेली आमच्या आजे-पणज्यांची घागर हे होय. तेव्हा अरण्याशी आमचा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आम्हांस राहिलेली नाही. उलट, अरण्य राखले गेल्याचा पहिला लाभ ज्यांस झाला ते आम्हीच.

कायद्याने अरण्य राखण्याची कल्पना इंग्रजांनी आणली, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गावोगाव देवराया आहेत. काळकाईच्या किंवा वाघजाईच्या नावाने सोडलेल्या या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, काही ठिकाणी तर वाळलेली काटकीही उचलावयाची नाही, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यामागे भय होते, श्रद्धा होती, आणि गावचा झरा त्याच रानात उगम पावतो हे व्यवहारज्ञानही होते. देवराईत सर्वांस सारखाच मान होता असे नाही. काही देवरायांत स्त्रियांस प्रवेशच नसे. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांनी निषेध घातला तेच तो पाळीत होते. पाटलाच्या घरचे लग्न निघाले म्हणून देवराईतील वृक्ष मांडवासाठी मोकळा होत नसे.

दुसरे उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चे. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडाविषयी जी आज्ञा आहे, ती वनविषयक विचार म्हणून वाचण्यासारखी आहे. सागवानादी लाकूड लागेल ते हुजूरच्या परवानगीने तोडावे. परंतु आंबा, फणस यांस हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकराप्रमाणे जतन केलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याची समजूत घालून व द्रव्य देऊन मगच ते तोडावे. येथे झाडाचे रक्षण कोणापासून केले आहे? सरकारच्या स्वतःच्या गरजेपासून. राजसत्ता आपल्याच कुऱ्हाडीस बंधन घालीत आहे, आणि झाडाची किंमत ते ज्याने वाढविले त्याच्या दुःखावरून मोजीत आहे. आज्ञापत्रातील सर्व आज्ञा प्रत्यक्षात पाळल्या गेल्या असतील, असे समजण्याचे कारण नाही. परंतु न्यायाची दिशा कोणती, हे त्यात स्पष्ट आहे.

इंग्रजी अमलात ही दिशा उलट झाली. रेल्वेच्या रुळांखालील लाकडी पट्ट्यांस आणि जहाजांस लाकूड हवे होते. १८६५ साली पहिला वनकायदा झाला आणि १८७८ साली दुसरा, अधिक कडक. या दुसऱ्या कायद्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला. वनांवरील सर्व सत्ता एकट्या सरकारची असावी, गावकऱ्यांचे वापर हे हक्क नसून केवळ सवलती समजाव्यात, असे बेडन-पॉवेल यांचे म्हणणे होते. वनखात्याचे पहिले मुख्याधिकारी ब्रँडिस हे त्या मानाने मवाळ. गावांकडे काही वने स्वतंत्रपणे राहावीत, असे त्यांस वाटे. मद्रास सरकारने तर गावकऱ्यांच्या बाजूने विरोध नोंदविला. जय झाला तो पहिल्या पक्षाचा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या वेळी आक्षेप घेतला, की वने राखावयाची असतील तर गावकऱ्यांस विश्वासात घ्यावे. ज्यांचे जीवन वनावर अवलंबून आहे त्यांस शत्रू करून वन राखता येणार नाही. आणि पाचच वर्षांनी, १८८३ साली पुरे झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी वनखात्यावर जळजळीत टीका केली. पूर्वी ज्या डोंगरांवर व गायरानांवर गरीब शेतकरी आपली शेळी-गाय चारून व पानाफुलांवर गुजराण करून राहत असे, ती सर्व या खात्याने घशात घातली, असा त्यांचा आरोप होता. सार्वजनिक सभा आणि जोतीराव यांचे मार्ग भिन्न होते, इतर पुष्कळ बाबतींत त्यांचे पटणेही शक्य नव्हते. परंतु या एका बाबतीत दोघांच्याही दृष्टीस तेच दिसले. कायदा वन राखीत होता तो गरिबापासून, आणि राखून ठेवीत होता तो सरकारसाठी.

याच काळात अमेरिकेत एक निराळी कल्पना आकार घेत होती. अरण्य हे लाकडाच्या किंवा पाण्याच्या उपयोगासाठी राखावयाचे नाही, ते अरण्य आहे एवढ्याचसाठी राखावयाचे. १८६४ साली योसेमिटीचे खोरे व १८७२ साली यलोस्टोन राखून ठेवण्यात आले. पुढे सॅन फ्रान्सिस्को शहरास पाणी हवे झाले आणि योसेमिटीच्या उद्यानातीलच हेच हेची या खोऱ्यात धरण बांधावे, अशी मागणी आली. जॉन म्यूर यांनी ती प्राणपणाने विरोधिली. गिफर्ड पिंचो यांनी बहुजनांच्या उपयोगाच्या तत्त्वावर तिचे समर्थन केले. १९१३ साली अमेरिकी प्रतिनिधिमंडळाने धरणास अनुमती दिली, आणि पुढच्याच वर्षी म्यूर वारले. या पराभवाची आठवण तिकडे दीर्घकाळ राहिली. १९६४ साली हॉवर्ड झानायझर यांनी रचलेला अरण्यरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याने सुमारे ९१ लक्ष एकर भूमी एका फटक्यात राखली. या कायद्याचा आशय असा, की जेथे माणूस पाहुणा म्हणून येईल व जाईल, मुक्काम करणार नाही, अशी काही भूमी राष्ट्राने बुद्ध्या सोडून द्यावी.

या कल्पनेत एक उदात्तता आहे, हे कबूल केले पाहिजे. जे आपणांस सहज घेता येते ते न घेण्याचा निश्चय करणे, ही व्यक्तीच्या ठायी जशी मोठी गोष्ट, तशीच राष्ट्राच्या ठायीही. परंतु या उदात्ततेस एक डाग आहे. ज्या योसेमिटीस निर्मनुष्य अरण्य म्हणून गौरविले, तेथे पूर्वापार मूलनिवासी लोक राहत होते, आणि १८५१ साली सशस्त्र तुकडी पाठवून त्यांस तेथून हुसकण्यात आले होते. तेव्हा आधी यजमानास घराबाहेर काढावे आणि मग त्या घरात सर्वांनी पाहुण्याच्या मर्यादेने वागावे, असा हा प्रकार झाला.

भारताने १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला तेव्हा राष्ट्रीय उद्यानाची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात ही दोन्ही परंपरांची छाया दिसते. अभयारण्यात काही स्थानिक हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र सर्व हक्क मिटवून मगच अंतिम घोषणा व्हावयाची. हे तत्त्व डोळे मिटून लावले म्हणजे काय होते, याचे उदाहरण भरतपूरचे. १९८२ साली तेथील पाणपक्ष्यांच्या उद्यानात म्हशींची चराई एकाएकी बंद करण्यात आली. दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला व काही ग्रामस्थ प्राणांस मुकले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे आमच्याच मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने, दीर्घ अभ्यास केला. त्यात असे दिसून आले, की चराई थांबल्यामुळे गवत माजून पाणथळ भूमी भरू लागली आणि पक्ष्यांचाच तोटा झाला. ज्या पक्ष्यांसाठी माणसांवर गोळ्या झाडल्या, त्या पक्ष्यांस त्या माणसांच्या म्हशी हव्या होत्या! जेथे माणूस नाही तेच खरे अरण्य, हे सूत्र शास्त्राच्या कसोटीवरही सर्वत्र उतरत नाही.

आता बोरिवलीच्या वनाकडे परत येऊ. १९९५ साली मुंबईच्या एका पर्यावरणवादी संस्थेने उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज केला, आणि मे १९९७ मध्ये न्यायालयाने ती अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. पात्र ठरलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी मोठा लढा द्यावा लागला, आणि कालांतराने चांदिवली येथे वसाहत उभी राहिली. वनात हजारो घरे वाढत जाऊ द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. तसे झाले असते तर वन उरले नसते. परंतु याच वनाच्या कडेची दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. १९७५ साली महाराष्ट्राने खाजगी वने संपादन करण्याचा कायदा केला. मुलुंड, विक्रोळी आदी भागांतील पुष्कळ भूमी या कायद्याने सरकारची झाली होती, असे पुढे नोंदींवरून निघाले. दरम्यान तिच्यावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहून सदनिका विकल्या गेल्या होत्या. २००८ साली उच्च न्यायालयाने ती भूमी वन ठरविली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला; पन्नास वर्षांपूर्वीच्या नोटिसांवर पुढे रीतसर कारवाई झालीच नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. सदनिकाधारकांस दिलासा मिळाला, आणि ज्यांनी कष्टाचा पैसा देऊन घर घेतले त्यांचे घर वाचले याचे वाईट कोणास वाटेल? न्यायालयाच्या तर्कात खोट काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची बेरीज काय होते ते पाहावे. एकाच डोंगराच्या एका उतारावरची झोपडी गेली आणि दुसऱ्या उतारावरची इमारत राहिली. कागद, वकील आणि काळ ज्याच्या बाजूस होता, त्याच्यासाठी वनाची रेषा मागे सरकली.

उद्यानाच्या आत तिसरेही लोक आहेत. वारली व इतर आदिवासींचे पाडे तेथे उद्यानाच्या घोषणेपूर्वीपासून आहेत. ते वाघोबाची पूजा करतात; त्यांच्या दृष्टीने बिबट्या हा भय बाळगावा, मान द्यावा, आणि ज्याच्याशी अंतर राखून राहावे असा शेजारी आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मेली. त्या बळींत कोण होते? कडेच्या झोपड्यांतील आणि पाड्यांतील गरीब माणसे, त्यांत मुले. गिरगावात वा दादरला बिबट्याचे कौतुक करणे सोपे आहे. त्याच्या सहवासाचे मोल दुसरा कोणी देत असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा लोकांच्या हक्कांस राष्ट्रीय उद्यानांतही जागा दिली आहे, आणि पूर्वापार जो अन्याय झाला तो कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केला आहे. एक कायदा दुसऱ्या कायद्याच्या चुकीची कबुली देतो, असे इतिहासात थोडेच वेळा घडते.

येथे कोणी विचारील, की वनकायद्याचा इतिहास एवढा अन्यायाचा असेल, तर तो कायदाच का नको? गावकऱ्यांच्या स्वाधीन वन करावे आणि सरकारने बाजूस व्हावे. या मतास आधार आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभेने एकमताने निर्णय घेऊन ते वन राखून दाखविले, त्यातील बांबूपासून उत्पन्नही मिळविले. सार्वजनिक सभेचे म्हणणे सिद्ध होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, एवढेच. तरीही निषेधाचा कायदा अनावश्यक ठरतो, असे आम्हांस वाटत नाही. देवरायांचीच गोष्ट घ्या. जेथे देवीचे भय ओसरले आणि लाकडास भाव आला, तेथे मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवराया तुटल्याची उदाहरणे कोकणात आहेत. मुंबईच्या वेशीवर तर एका चौरस फुटाची किंमत इतकी आहे, की केवळ सद्भावनेवर एक टेकडीही वाचली नसती. लोभ एकट्या श्रीमंताचा नसतो, आणि शहाणपण एकट्या गरिबाचे नसते. म्हणून कायदा हवा.

परंतु कोणत्या स्वरूपाचा? आमच्या मते अरण्यरक्षणाचा कायदा हे समाजाने घेतलेले व्रत होय. माणूस व्रत घेतो ते मन शांत असताना, कारण मोहाच्या क्षणी आपण डगमगू हे त्यास ठाऊक असते. आज विचारपूर्वक घातलेली मर्यादा उद्याच्या गरजेपुढे टिकावी, यासाठी ती कायद्यात लिहून ठेवावयाची. पण व्रताचा एक नियम लहान मुलासही कळतो. ज्याने व्रत घेतले त्याने उपास करावयाचा. शेजाऱ्यास उपाशी ठेवून एकादशीचे पुण्य आपल्या खाती जमा होत नाही. १८७८ च्या कायद्याचा दोष त्याने निषेध घातला हा नव्हता. निषेध घालणाऱ्याने स्वतःस त्यातून मोकळे ठेवले, हा होता. आणि तोच दोष स्वतंत्र भारतातील आमच्या वागण्यात उतरलेला आहे.

याचे ताजे प्रत्यंतर आरे येथे आले. कुलाब्यापासून गिरगाव, दादर या मार्गे आरेपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरती खुली झाली. तिच्यासाठी गिरगाव व काळबादेवी येथील काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि कुटुंबांस पिढ्यांची बिऱ्हाडे हलवावी लागली. तेव्हा आमच्या भागाने या सोयीसाठी काहीच सोसले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु गाड्या उभ्या करण्याची जागा आरेत ठरली, आणि तेथे वाद उभा राहिला तो एका शब्दावर. आरे हे वन आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये म्हटले होते, की वन या शब्दाचा अर्थ कोशात असेल तो घ्यावा, मालकी कोणाचीही असो. तरी आरेस ती व्याख्या लागू होत नाही, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने नागरिकांचे अर्ज फेटाळले, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे एका सरकारने तेथील ८०० एकर भूमी वन म्हणून राखण्याचे ठरविले व कारशेड कांजूरमार्गास हलविण्याचे योजिले. दुसऱ्याने २०२२ साली ते पुन्हा आरेतच आणले. मेट्रो नको, असे आम्ही म्हणणार नाही. लोकलच्या दारात लोंबकळून ज्यांनी जन्म काढला त्यांस तरी ते शोभणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की झोपडीवाल्यास वनाची रेषा दाखविताना जो शब्द आम्हांस स्वच्छ दिसतो, तोच शब्द आपली सोय आडवी आली म्हणजे इतका अंधुक का व्हावा? आणि ज्याचा निर्णय वर्षानुवर्षे होत नव्हता, ती गोष्ट एका रात्रीत उरकण्याची घाई का व्हावी?

कोणी म्हणतील, आरे काही अस्सल अरण्य नव्हते. ती दुग्धवसाहत होती, तेथे म्हशींचे गोठे होते. या आक्षेपाचे उत्तर परळ-लालबागच्या पूर्वेस, शिवडीच्या खाडीत मिळते. बंदर, तेलाच्या टाक्या आणि शहराचे सांडपाणी यांच्या मधोमध असलेल्या त्या चिखलावर गेली तीसएक वर्षे हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. सांडपाण्यामुळे वाढणारे शेवाळ हे त्यांचे एक खाद्य. याहून अशुद्ध अरण्य कोणते? ठाणे खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली. शिवडीची दलदल मात्र त्या सीमेबाहेर राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला समुद्रसेतू तेथूनच निघतो. माहीमचे निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या जुन्या डेपोवर माणसांनी वाढविलेले आहे. तेव्हा जे अस्पर्शित तेच रक्षणीय, हा नियम धरला तर मुंबईत राखण्यासारखे काहीच उरणार नाही. आणि तोच नियम उलट बाजूने लावला, तर राखलेल्या भूमीतून वारल्यास बाहेर काढणे धर्म्य ठरेल. पावित्र्याचा हा एकच निकष बलवानास दोन्हीकडून उपयोगी पडतो, म्हणून आम्ही तो टाकून द्यावा म्हणतो.

खरी कसोटी अद्याप पुढे आहे, आणि ती पुन्हा पाण्याचीच आहे. विहार व तुळशी यांचे पाणी आता शहराच्या गरजेचा अगदी लहान अंश भागविते. तानसा, वैतरणा, भातसा या दूरच्या नद्यांनी आमचे नळ वाहतात. त्यांत आणखी भर म्हणून महानगरपालिकेने पालघर जिल्ह्यात गारगाई नदीवर धरणाचा प्रस्ताव मांडला. त्याखाली तानसा अभयारण्यातील वन जाणार आणि आदिवासींची गावेही जाणार. हेच हेचीचा प्रश्न शंभर वर्षांनी आमच्या दाराशी आला आहे, आणि या खेपेस सॅन फ्रान्सिस्को आम्ही आहोत. म्यूर की पिंचो, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही म्हणू, की दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही. मागणाऱ्याने आधी स्वतःचे काय आवरले? जुन्या नळांतून रोज गळून जाणारे पाणी अडविण्यापूर्वी, पावसाळ्यात समुद्रास मिळणारे पाणी साठविण्यापूर्वी, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यापूर्वी, दुसऱ्याचे गाव आणि दुसऱ्याचे रान मागण्याचा नैतिक अधिकार शहरास येत नाही. हे सर्व करूनही तहान उरली, तर मग मागावे; पण तेव्हाही अमात्यांच्या आज्ञेप्रमाणे, धन्याची समजूत घालून, आणि धनी कोण याविषयी मनात संशय न ठेवता.

कायदा न्याय्य आहे की नाही, हे ओळखण्याची खूण आमच्या मते एवढीच. त्याने राखलेल्या अरण्याकडे पाहून विचारावे, की या निषेधाने सर्वांत अधिक कोण अडले? उत्तरात वारल्याचे, धनगराचे, झोपडीतल्या बाईचे नाव आले, आणि आपले कोठेच आले नाही, तर ते अरण्य राखले गेले असेल, पण व्रत पाळले गेले नाही. उत्तरात आपलेही नाव आले, आपलीही एखादी सोय राहून गेली असली, तर त्या अरण्यावर आपला थोडाबहुत हक्क सांगण्यास हरकत नाही.